समाजकार्य आणि संबंधित क्षेत्रांतील पदवी शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय शिक्षण संपवून पदवीच्या शाखेचा विचार करणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या क्षेत्रातील नियम देशागणिक बदलतात. म्हणून जेथे एखाद्या देशाचे नाव घेतले आहे, तेथे तो नियम त्या देशापुरताच समजावा.

समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमात नेमके काय शिकवले जाते?

सुरुवातीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था आणि कायदा यांची ओळख करून दिली जाते. शाळा सोडलेल्या मुलाची अडचण समजून घ्यायची असेल, तर त्याचा स्वभाव, घरातील कमाईची स्थिती, शाळेतील वागणूक, वस्तीतील वातावरण आणि त्याला लागू असलेले कायदे हे सगळे एकत्र पाहावे लागते, आणि यांपैकी कोणतीही एक विद्याशाखा एकटीने ते चित्र पूर्ण करू शकत नाही. त्यानंतर कामाच्या पद्धती येतात: एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायचे व्यक्तिसहाय कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संस्थांचे प्रशासन, सामाजिक संशोधन आणि धोरणबदलासाठी करायची सामाजिक कृती. बालसंरक्षण, वार्धक्य, अपंगत्व, मानसिक आरोग्य, व्यसनाधीनता, स्थलांतर हे विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात.

या व्यवसायाची जी जागतिक व्याख्या सध्या प्रमाण मानली जाते, ती २०१४ साली मेलबर्न येथे समाजकार्यकर्त्यांच्या आणि समाजकार्य विद्यालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्वीकारली. सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वे तिच्या केंद्रस्थानी आहेत. त्यामुळे व्यक्तीला परिस्थितीशी जुळवून घ्यायला मदत करणे एवढ्यावर चांगला अभ्यासक्रम थांबत नाही. ती परिस्थिती तशी का आहे आणि ती बदलता येईल का, हे विचारायलाही तो शिकवतो. या दोन्ही अंगांना किती वजन दिले आहे, हे विषयांची यादी वाचली तरी बऱ्यापैकी कळते.

मदत करण्याची वृत्ती मुळातच असेल, तर पदवीची गरज काय?

हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन आणि अमेरिकेतील शहरांत धर्मादाय संस्थांचे स्वयंसेवक घरोघर जाऊन मदतीस कोण ‘पात्र’ आणि कोण ‘अपात्र’ हे ठरवीत असत. हेतू चांगला असला तरी निर्णय अनेकदा स्वयंसेवकाच्या स्वतःच्या पूर्वग्रहांवर होत. त्याच काळात १८८४ साली लंडनमध्ये टॉयन्बी हॉल हे वस्तीकेंद्र सुरू झाले आणि १८८९ साली शिकागोमध्ये जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस सुरू केले. तेथील कार्यकर्ते वस्तीतच राहू लागले आणि दारिद्र्याची कारणे माणसाच्या स्वभावाइतकीच घरभाडे, मजुरी, सांडपाणी आणि कारखान्यांतील कामाचे तास यांतही शोधू लागले. अनुभवाला शिस्त हवी ही जाणीव दोन्हीकडे निर्माण झाली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी प्रशिक्षण वर्ग भरला, १८९९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रशिक्षण संस्था सुरू झाली, १९०८ साली अ‍ॅलिस सालोमोन यांनी बर्लिनमध्ये स्त्रियांसाठी समाजकार्य विद्यालय काढले, आणि १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे विद्यालय स्थापन झाले, जे पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले.

आजच्या कामातली दोन उदाहरणे पाहिली की प्रशिक्षणाची गरज अधिक स्पष्ट होते. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीला ‘घर सोडून ये’ असे सांगणे वरवर धाडसाचे आणि हिताचे वाटते. परंतु घर सोडण्याचा काळच अनेकदा सर्वाधिक धोक्याचा असतो, त्यामुळे आधी तिच्या सुरक्षिततेची योजना आखावी लागते. तसेच अत्याचाराची शंका असलेल्या मुलाला ‘त्याने तुला मारले ना?’ असे सुचवणारे प्रश्न विचारले, तर मुलाचे सांगणे दूषित होते आणि पुढे न्यायालयात त्याच मुलाचे नुकसान होते. येथे कळकळ कमी पडलेली नसते, ज्ञान कमी पडलेले असते.

ही पदवी किती वर्षांची असते?

इंग्लंडमध्ये साधारणतः तीन वर्षांची. स्कॉटलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे चार वर्षांची. डेन्मार्कमध्ये साडेतीन वर्षांची. भारतात बीएसडब्ल्यू (बॅचलर ऑफ सोशल वर्क) ही पदवी प्रामुख्याने तीन वर्षांची राहिली आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांचा पर्यायही आला आहे. कालावधी कमी म्हणून अभ्यासक्रम निवडणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण दुसऱ्या देशात पदवीचे मूल्यमापन होते तेव्हा वर्षे आणि क्षेत्रकार्याचे तास दोन्ही मोजले जातात.

क्षेत्रकार्य म्हणजे काय, आणि त्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

विद्यार्थी रुग्णालय, शाळा, बालगृह, वृद्धाश्रम, न्यायालयाशी संलग्न कक्ष, वस्तीत काम करणारी संस्था किंवा शासकीय कार्यालय अशा ठिकाणी पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष काम करतो, त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. अमेरिकेत समाजकार्य शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या पदवीत किमान ४०० तास, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघटनेच्या निकषांनुसार १००० तास, आयर्लंडमध्येही १००० तास, तर इंग्लंडमध्ये एकूण २०० दिवस ठेवलेले आहेत. या २०० दिवसांपैकी ३० पर्यंत दिवस कौशल्य प्रशिक्षणाचे असतात. काही ठिकाणी आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रात आणि उरलेले दिवस वर्गात अशी समांतर रचना असते. काही ठिकाणी काही महिने सलग क्षेत्रकार्य असते. समांतर रचनेत वर्गात शिकलेली गोष्ट लगेच तपासून पाहता येते, सलग रचनेत एखाद्या कुटुंबाबरोबरचे काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत अनुभवता येते. दोन्ही रचना उपयुक्त आहेत.

तासांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पर्यवेक्षण. विद्यार्थ्याला बहुधा दोन मार्गदर्शक असतात, एक संस्थेतील आणि एक महाविद्यालयातील. प्रत्येक भेटीनंतर तो अहवाल लिहितो: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले, मी विषय का बदलला. हा अहवाल मार्गदर्शकाने वाचून त्यावर नियमित चर्चा केली, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या सवयी दिसू लागतात. रडणाऱ्या माणसाला लगेच धीर देण्याची घाई, शांतता सहन न होणे, वयाने मोठ्या पुरुषासमोर गप्प बसणे, न विचारता सल्ला देणे या गोष्टी पुस्तकातून कळत नाहीत. आपलेच संभाषण कागदावर पुन्हा वाचताना कळतात. माझ्या मते पदवीच्या सगळ्या वर्षांत विद्यार्थी खऱ्या अर्थाने घडतो तो या अहवालांच्या चर्चेत.

याउलट क्षेत्रकार्याच्या नावाखाली विद्यार्थ्याला संस्थेच्या नोंदवह्या भरायला, कार्यक्रमात खुर्च्या मांडायला किंवा फेऱ्यांची छायाचित्रे काढायला लावले जात असेल, तर हजेरीचे तास पूर्ण होतात आणि शिक्षण होत नाही. संस्थेच्या कारभाराची ओळख व्हावी म्हणून थोडे कागदी काम आवश्यक असते, हे खरे. पण संपूर्ण सत्रात एकाही व्यक्तीशी किंवा गटाशी स्वतःच्या जबाबदारीवर काम करण्याची संधी मिळाली नाही, तर विद्यार्थ्याने ते लेखी नोंदवून महाविद्यालयाच्या लक्षात आणून द्यावे.

क्षेत्रकार्य बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते आणि त्या काळात अर्धवेळ नोकरी करणे अवघड जाते. कुटुंबाच्या अंदाजपत्रकात हा भाग सुटून जातो, म्हणून तो आधीच लक्षात घ्यावा. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२५ पासून समाजकार्य, अध्यापन, परिचर्या आणि प्रसूतिपरिचर्या या शाखांतील गरजू विद्यार्थ्यांना अशा काळासाठी साहाय्य देणे सुरू केले आहे.

पदवी मिळाल्यावर ‘समाजकार्यकर्ता’ म्हणून लगेच काम करता येते का?

याचे उत्तर देशातील कायद्यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये ही उपाधी २००५ पासून कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त पदवी घेऊन नियामक संस्थेकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही ती लावता येत नाही, आणि डिसेंबर २०१९ पासून ही नोंदणी सोशल वर्क इंग्लंड ही संस्था करते. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणी सक्तीची आहे. फिलिपिन्समध्ये १९६५ च्या कायद्यानुसार पदवीनंतर परवाना परीक्षा द्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेत तर दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्यालाच परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. जर्मनीत पदवीबरोबर शासकीय मान्यता मिळवावी लागते आणि अनेक पदांसाठी ती अनिवार्य असते. अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. अनेक राज्ये पदवीधरांना परवाना देतात, मात्र स्वतंत्रपणे उपचारात्मक काम करण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि पर्यवेक्षणाखालील अनुभव लागतो.

भारतात समाजकार्य व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. याचा अर्थ पदवीला किंमत नाही असा नव्हे. पण अर्हता प्रत्येक पदाच्या जाहिरातीनुसार तपासावी लागते. काही पदांसाठी कायद्यातच उच्च अर्हता घातलेली आहे. उदाहरणार्थ, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मनोविकार समाजकार्यकर्त्याच्या व्याख्येत समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर त्या विषयातील दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अपेक्षित आहे. रुग्णालयात मनोविकार विभागात काम करायचे स्वप्न असलेल्या विद्यार्थ्याने पदवी हा पहिलाच टप्पा आहे, हे सुरुवातीपासून गृहीत धरावे.

समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेतले तर चालणार नाही का?

चालेल, आणि काही विद्यार्थ्यांसाठी तेच अधिक योग्य ठरेल. समाजशास्त्र समाज कसा चालतो हे समजावते. मानसशास्त्र व्यक्तीचे वर्तन आणि मन यांचा अभ्यास करते. समाजकार्य या दोन्हींचा आधार घेऊन प्रत्यक्ष हस्तक्षेप कसा करायचा ते शिकवते. ज्याला वाचन, विश्लेषण आणि संशोधन यांत रस आहे, पण रोज अनोळखी माणसांच्या संकटात उतरण्याबद्दल खात्री नाही, त्याने आधी समाजशास्त्राची पदवी घेऊन पुढे निर्णय घेणे चांगले. भारत, इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत अन्य शाखेतील पदवीधरालाही दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून समाजकार्यात येता येते, त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षीच शिक्कामोर्तब करण्याची सक्ती नाही.

उलट बाजूही पाहावी. केवळ मानसशास्त्राच्या पदवीवर बहुतेक देशांत चिकित्सक होता येत नाही. त्यासाठी पुढे दीर्घ शिक्षण लागते. अमेरिकेत मान्यताप्राप्त समाजकार्य पदवी असलेल्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमात पुढच्या टप्प्यावर प्रवेश मिळून तो सुमारे वर्षभरात पूर्ण करता येतो, ही सवलत इतर शाखांना मिळत नाही.

समाजकार्याच्या जवळची आणखी कोणती क्षेत्रे आहेत?

येथे पर्याय बरेच आहेत आणि गोंधळही त्यामुळेच होतो.

समुदाय विकास या शाखेत एका व्यक्तीच्या अडचणीपेक्षा वस्ती, गाव किंवा समान हितसंबंध असलेला लोकसमूह हा कामाचा घटक असतो. लोकांनी एकत्र येऊन स्वतःचे प्रश्न ठरवावेत आणि स्वतःच्या संघटित बळावर ते सोडवावेत, हा या शाखेचा गाभा आहे. तिच्यात दोन परंपरा दिसतात. शिकागोमध्ये सॉल अ‍ॅलिन्स्की यांनी १९४० साली स्थापन केलेल्या संघटनेपासून पुढे आलेली परंपरा सत्तेशी थेट वाटाघाट आणि संघर्ष यांवर भर देते. दुसरी परंपरा समुदायात आधीच असलेली कौशल्ये, नाती आणि संस्था शोधून त्यांवर उभारणी करते. दोन्ही शिकवणारा अभ्यासक्रम उत्तम. फक्त दुसरीच शिकवली, तर विद्यार्थी सहभागाच्या बैठका घ्यायला शिकतो, पण निर्णय कोणाच्या हातात आहेत हे विचारायला शिकत नाही.

युवाकार्य ही अनेक देशांत स्वतंत्र व्यावसायिक शाखा आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून व्यावसायिक युवाकार्यकर्त्यासाठी पदवी हीच अर्हता ठरली. युवक स्वतःच्या इच्छेने येतात आणि कधीही निघून जाऊ शकतात, हे या कामाचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे नाते जोडण्याचे कौशल्य येथे सर्वाधिक पणाला लागते.

सामाजिक शिक्षणशास्त्र ही युरोपातील, विशेषतः जर्मनी आणि डेन्मार्कमधील, बळकट परंपरा आहे. डेन्मार्कमध्ये या शाखेचा पदवीधर पाळणाघरे, निवासी बालगृहे आणि अपंग व्यक्तींची निवासस्थाने अशा ठिकाणी काम करतो. त्याचे काम कार्यालयातल्या मुलाखतींपेक्षा दैनंदिन सहजीवनातून चालते: एकत्र स्वयंपाक, खेळ, चित्रकला, बागकाम.

सार्वजनिक आरोग्य ही शाखा आकडेवारी, रोगप्रसार आणि आरोग्यव्यवस्था यांकडे झुकलेली असली, तरी प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यापासून लोकसहभाग हा तिचा मान्य आधार आहे. गणिताची भीती नसलेल्या आणि समुदायाबरोबर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या शाखेचा विचार जरूर करावा. या वाटेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

गुन्हेगारीशास्त्र आणि सुधारसेवा यांचा समाजकार्याशी संबंध देशागणिक पालटतो. स्कॉटलंडमध्ये १९६८ च्या कायद्याने परिवीक्षेचे, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवण्याचे, काम समाजकार्य विभागांकडे आले आणि आजही तेथे समाजकार्याची अर्हता लागते. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र परिवीक्षा अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण १९९० च्या दशकात समाजकार्याच्या शिक्षणापासून वेगळे करण्यात आले. म्हणजे एकच ध्येय असलेल्या दोन विद्यार्थ्यांना सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पदव्या घ्याव्या लागतील.

याखेरीज विशेष शिक्षण व पुनर्वसन, वार्धक्यशास्त्र, बालविकास, सामाजिक धोरण, विकास अभ्यास, स्त्री अभ्यास आणि ग्रामीण विकास या शाखा आहेत. त्यांपैकी पुनर्वसन शाखेला अनेक ठिकाणी वेगळी नोंदणी लागते. भारतात १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली पुनर्वसन परिषद ते काम पाहते. सामाजिक धोरण आणि विकास अभ्यास या शाखा संशोधन, प्रशासन आणि प्रकल्प नियोजनाकडे नेतात. लोकांबरोबर थेट काम करण्याचे प्रशिक्षण त्यांत कमी असते.

अभ्यासक्रमाच्या नावात ‘समाज’ किंवा ‘समुदाय सेवा’ असले, म्हणजे तो समाजकार्याच्या पदवीच्या बरोबरीचा असतो का?

नाही. ‘मानव सेवा’, ‘समुदाय सेवा’, ‘सामाजिक विकास’ अशा नावांच्या अनेक पदव्या चांगल्या असतात, पण त्यांवर समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणी मिळतेच असे नाही. प्रवेशपुस्तिकेत ‘या पदवीनंतर समाजकार्यात काम करता येईल’ असे वाक्य असते, तेव्हा ते नोंदणीबद्दल बोलते आहे की समाजकार्य संस्थेतील साहाय्यक पदाबद्दल, हे विचारून घ्यावे. मान्यतेची खात्री महाविद्यालयाच्या पत्रकावरून न करता नियामक किंवा मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीवरून करावी. जेथे अशी संस्था नाही, तेथे विद्यापीठाची मान्यता आणि आधीच्या पदवीधरांना मिळालेली पदे हा आधार घ्यावा. ‘मान्यतेसाठी अर्ज केलेला आहे’ या वाक्याचा अर्थ मान्यता नाही असाच घ्यायचा.

प्रवेशासाठी कोणती पात्रता लागते?

कोणत्याही शाखेतून शालेय शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी बहुतेक ठिकाणी अर्ज करू शकतात. गुणांबरोबर लेखी निवेदन, गटचर्चा किंवा मुलाखत असते. इंग्लंडमध्ये निवडप्रक्रियेत समाजसेवांचा स्वतः अनुभव घेतलेल्या व्यक्तींचाही सहभाग असावा, असा नियामकाचा दंडक आहे, आणि त्यांचे प्रश्न प्राध्यापकांच्या प्रश्नांहून अधिक नेमके असू शकतात. मुले आणि असहाय प्रौढ यांच्याबरोबर काम करायचे असल्याने अनेक देशांत चारित्र्य पडताळणी आवश्यक असते. जुना किरकोळ गुन्हा असल्यास प्रवेश आपोआप नाकारला जातो असे नाही. लपवलेला गुन्हा मात्र जवळजवळ नेहमीच घातक ठरतो.

निवेदनात ‘मला लोकांची मदत करायला आवडते’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो. त्याऐवजी एखादा प्रसंग निवडावा ज्यात मदत करताना अडचण आली, आपला अंदाज चुकला किंवा समोरच्याने मदत नाकारली, आणि त्यातून काय उमगले ते लिहावे.

मी स्वतः कठीण परिस्थितीतून गेलो आहे. तो अनुभव उपयोगी पडेल की आड येईल?

दोन्ही शक्य आहे. बालगृहात वाढलेला, आजारी पालकाची शुश्रूषा केलेला किंवा घरातील व्यसन पाहिलेला विद्यार्थी काही गोष्टी इतरांपेक्षा लवकर ओळखतो. धोका असतो तो समोरच्याची कहाणी आपल्याच कहाणीसारखी आहे असे मानण्याचा. आपला अनुभव किती आणि कोठे सांगायचा, हा निर्णय विद्यार्थ्याचा असतो. प्रवेशाच्या मुलाखतीत तो सविस्तर सांगण्याचे बंधन नाही. जखम अजून ताजी असेल, तर वर्षभर थांबून अर्ज करण्यात काही गैर नाही.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने ही पदवी घेता येते का?

तात्त्विक भाग घेता येतो. क्षेत्रकार्य मात्र प्रत्यक्षच करावे लागते, आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही त्यातून सूट नसते. क्षेत्रकार्याची जागा विद्यापीठ शोधून देते की विद्यार्थ्याला स्वतः शोधावी लागते, हा प्रवेशाआधी विचारायचा पहिला प्रश्न आहे. क्षेत्रकार्याशिवाय ‘समाजकार्याची पदवी’ देऊ करणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

या कामाचा मनावर ताण येतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ते विद्यार्थ्यांपासून लपवू नये. दुसऱ्याच्या दुःखाचे वर्णन सतत ऐकल्याने झोप उडणे, चिडचिड होणे, माणसांबद्दल कोरडेपणा वाटू लागणे हे परिणाम या व्यवसायात परिचित आहेत. पण अनुभवी कार्यकर्त्यांशी बोलल्यावर असे जाणवते की दुःख ऐकण्यापेक्षा जास्त थकवतात ते आवाक्याबाहेरचे कामाचे ओझे, अपुरी साधने आणि योग्य तोडगा ठाऊक असूनही तो अमलात आणता न येणे. म्हणून ‘स्वतःची काळजी घ्या’ एवढे सांगून हा विषय संपवणारा अभ्यासक्रम अपुरा आहे. पर्यवेक्षण कसे मागायचे, कामाच्या मर्यादा वरिष्ठांसमोर कशा मांडायच्या, व्यावसायिक संघटनेचा आधार कसा घ्यायचा, हेही शिकवले गेले पाहिजे.

भावनिक ताणाबरोबर नैतिक ताणही असतो. समोरच्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे मूलभूत कर्तव्य आहे, परंतु मुलाच्या जिवाला धोका असल्यास किंवा कोणी दुसऱ्याला गंभीर इजा करण्याचा बेत सांगितल्यास गुप्ततेची मर्यादा संपते. ही मर्यादा पहिल्याच भेटीत समोरच्याला स्पष्ट सांगायची असते, आणि ते वाक्य नीट उच्चारायला सरावच लागतो.

पदवीनंतर कोणत्या प्रकारची कामे मिळतात?

बालसंरक्षण, रुग्णालयातील समाजसेवा विभाग, शालेय समाजकार्य, व्यसनमुक्ती, निर्वासित व स्थलांतरितांसाठीच्या सेवा, आपत्तीनंतरचे पुनर्वसन, ज्येष्ठांच्या सेवा, स्वयंसेवी संस्थांतील प्रकल्प आणि शासकीय योजनांची अंमलबजावणी ही प्रमुख क्षेत्रे आहेत. वेतनाबद्दल स्पष्ट बोलायचे तर हा मोठ्या कमाईचा मार्ग नाही. शासकीय पदांवर स्थैर्य अधिक असते. स्वयंसेवी क्षेत्रात कामाचे स्वातंत्र्य अधिक, पण नेमणूक अनेकदा निधीच्या मुदतीपुरती असते.

या पदवीवर पुढे परदेशात काम करता येईल का?

येईल, परंतु पदवी आपोआप मान्य होत नाही. ज्या देशात जायचे तेथील नियामक किंवा व्यावसायिक संघटना अभ्यासक्रमातील विषय, क्षेत्रकार्याचे तास आणि पर्यवेक्षकाची अर्हता तपासते. त्याखेरीज भाषेच्या परीक्षेची अटही बहुधा असते. ऑस्ट्रेलियात हे मूल्यमापन समाजकार्यकर्त्यांची संघटना करते. म्हणून क्षेत्रकार्याच्या तासांची सही-शिक्क्यासह नोंद, संस्थांची नावे, पर्यवेक्षकांचे पद आणि प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम विद्यार्थी असतानाच जमवून ठेवावा. दहा वर्षांनी संस्था बंद झालेली असते किंवा पर्यवेक्षक निवृत्त झालेले असतात, आणि मग एका कागदासाठी सगळी प्रक्रिया अडते.

महाविद्यालय पाहायला गेल्यावर काय विचारावे?

इमारत आणि ग्रंथालय दाखवले जाईलच. आपण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटण्याची विनंती करावी आणि त्यांना गेल्या सत्रात क्षेत्रकार्यात नेमके काय केले, मार्गदर्शकाशी चर्चा किती नियमित झाली, अडचण आली तेव्हा महाविद्यालयाने काय केले, हे विचारावे. प्राध्यापकांपैकी किती जणांनी स्वतः क्षेत्रात काम केले आहे, एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्याची सोय कशी केली जाते, हेही विचारण्यासारखे आहे. ‘क्षेत्रकार्य असते’ एवढेच उत्तर मिळाले, तर आणखी एक-दोन महाविद्यालये पाहावीत.

पहिल्या वर्षानंतर ही शाखा आपली नाही असे वाटले तर?

पहिल्या क्षेत्रकार्यानंतर अनेकांना तसे वाटते. ते ठिकाण आवडले नाही की हे कामच आवडत नाही, हे आधी वेगळे करून पाहावे. रुग्णालयात कोमेजलेला विद्यार्थी वस्तीतील कामात खुलतो, आणि याच्या उलटही घडते; म्हणून शक्य असल्यास दुसरे, वेगळ्या स्वरूपाचे क्षेत्रकार्य होईपर्यंत थांबावे. त्यानंतरही उत्तर तेच असेल, तर समाजशास्त्र, सामाजिक धोरण, शिक्षणशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य या शाखांत पहिल्या वर्षाचे काही श्रेयांक (क्रेडिट) वळते होतात. ते किती वळते होतील याचे लेखी उत्तर दोन्ही विभागांकडून घ्यावे आणि ते हातात आल्याशिवाय प्रवेश रद्द करू नये.